पाळीव श्वानांचे निर्बीजीकरण : निर्णय, पूर्वतयारी आणि पालकाची जबाबदारी

गोषवारा

पाळीव कुत्र्याचे निर्बीजीकरण ही शहरी आणि निमशहरी महाराष्ट्रात आता नित्याची पशुवैद्यकीय शस्त्रक्रिया झाली आहे. तथापि तिच्याविषयीची चर्चा बहुधा ‘करावी की करू नये’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या तयारीकडे दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात निर्बीजीकरणाची संकल्पना, त्याचे लाभ व मर्यादा, योग्य वय व वेळ, शस्त्रक्रियापूर्व तपासण्या आणि घरी करावयाची तयारी यांचे क्रमाने विवेचन केले आहे. शस्त्रक्रिया पशुवैद्यक करतात. परंतु तिची सुरक्षितता पुष्कळ अंशी पालकाने आधीच्या काही आठवड्यांत केलेल्या तयारीवर अवलंबून असते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : निर्बीजीकरण, श्वानपालकत्व, माज, गोचीड ताप, भूल, प्राणी जन्म नियंत्रण नियम.

१. प्रास्ताविक

मानव आणि श्वान यांचे साहचर्य अतिप्राचीन आहे. महाराष्ट्राच्या श्रद्धाविश्वातही या प्राण्याला मानाचे स्थान आहे. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान असतात. खंडोबाच्या उपासनेतही श्वानाचा संबंध येतो. पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची कथा तर घरोघरी सांगितली जाते. असे असले तरी या प्राण्याच्या शरीरधर्माविषयी आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. मादी माजावर आली की तिला कोंडून ठेवणे, पिल्ले झाली की ती ओळखीपाळखीच्यांना वाटून टाकणे आणि उरलेल्यांचे काय झाले याची चौकशी न करणे, हीच बहुतांश घरांतील रीत राहिली.

प्रस्तुत लेखिकेच्या माहेरीही हीच रीत होती. घरातील देशी मादी नवव्या वर्षी अन्न टाकू लागली, पाणी मात्र वारंवार पिऊ लागली. वयोमानाने असे होत असावे, असे समजून आठ दिवस गेले. दोन महिन्यांपूर्वी ती माजावर आली होती ही गोष्ट पशुवैद्यकांनी विचारेपर्यंत कोणाच्याही मनात आली नाही. तिच्या गर्भाशयात पू झाला होता. बाहेर स्राव दिसत नसल्याने संशय आला नव्हता. शस्त्रक्रियेसाठी नेण्याच्या आदल्या रात्री ती गेली. लेखिका त्या वेळी प्राणिशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी होती आणि सस्तन प्राण्यांच्या ऋतुचक्राची आकृती परीक्षेत बिनचूक काढीत होती. पाठ्यपुस्तकातील ज्ञान आणि घरातील प्राणी यांच्यामधील हे अंतर प्रस्तुत लेखामागील प्रेरणा आहे.

२. निर्बीजीकरण : संकल्पना

निर्बीजीकरण म्हणजे प्राण्याची प्रजननक्षमता कायमची थांबविणारी शस्त्रक्रिया होय. मादीमध्ये पोट उघडून दोन्ही बीजांडकोश आणि बहुधा त्यांसोबत गर्भाशयही काढले जाते. नरामध्ये दोन्ही वृषण काढले जातात. बोलीत दोन्हींना सरसकट ‘नसबंदी’ म्हटले जाते. परंतु मानवी नसबंदीपेक्षा ही प्रक्रिया भिन्न आहे. मानवी नसबंदीत केवळ बीजवाहक नलिका बंद केली जाते, संप्रेरकांची निर्मिती चालूच राहते. श्वानांच्या प्रचलित शस्त्रक्रियेत संप्रेरके निर्माण करणारी ग्रंथीच काढली जाते. त्यामुळे प्रजननाबरोबरच माज, नराची भटकंती, चयापचयाचा वेग आणि वाढत्या वयातील हाडांची वाढ यांवरही परिणाम होतो. पुढे येणारे लाभ आणि मर्यादा या दोहोंचे मूळ या एका फरकात आहे.

नराची शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते. मादीची शस्त्रक्रिया मात्र उदरपोकळीतील असल्याने ती मोठीच समजली पाहिजे. ती रोज अनेक ठिकाणी होते, म्हणून ती किरकोळ ठरत नाही.

३. सामाजिक व कायदेशीर पार्श्वभूमी

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती. यांपैकी काहींचा वंश कोणा ना कोणाच्या घरातून सुरू झालेला असतो. नको असलेली पिल्ले ‘कोणीतरी सांभाळील’ या भरवशावर मंदिराजवळ, मंडईत वा महाविद्यालयाच्या आवारात सोडली जातात. त्यांचे पुढे काय होते, याचा अंदाज पश्चिम बंगालमधील एका अभ्यासावरून येतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांचे निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी केवळ सुमारे १९ टक्के पिल्ले प्रजननक्षम वयापर्यंत जगली, आणि मृत्यूंपैकी मोठा भाग प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे मानवामुळे घडलेला होता. पिल्लू सोडून देणे म्हणजे त्याला मोकळे करणे नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, भटक्या कुत्र्यांची संख्या मारून नव्हे तर निर्बीजीकरणाने आटोक्यात आणावी हे धोरण २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण (श्वान) नियमांनी देशभर स्वीकारले. मार्च २०२३ मध्ये त्यांच्या जागी प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ आले. या नियमांत पाळीव आणि रस्त्यावरील प्राणी असे वर्गीकरण असून पाळीव प्राण्याचे जंतनिर्मूलन, लसीकरण व निर्बीजीकरण यांची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. रस्त्यावरील प्राण्यांची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आहे. २०२५ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात ऐरणीवर आला. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयाने रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतर कुत्र्यांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास अनुमती दिली. तर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शैक्षणिक संस्था, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हलविण्याचे निर्देश दिले. महाविद्यालयीन परिसरात वावरणाऱ्या अध्यापकवर्गाला हा विषय म्हणूनच परका राहिलेला नाही. परंतु आवारातील कुत्र्यांविषयी मत मांडण्यापूर्वी आपल्या दारातील कुत्र्याचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते.

४. लाभ आणि मर्यादा

निर्बीजीकरणाचा निर्णय केवळ सामाजिक हेतूने घ्यावा असे नाही. प्राण्याच्या स्वतःच्या आरोग्याशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

मादीच्या बाबतीत सर्वांत ठोस लाभ म्हणजे गर्भाशयात पू होण्याच्या विकारापासून मिळणारे संरक्षण. हा विकार बहुधा माज संपल्यानंतरच्या काही आठवड्यांत उद्भवतो. अति तहान, वारंवार लघवी, अन्नावरील वासना उडणे, उलट्या आणि काही वेळा योनिमार्गातून दुर्गंधीयुक्त स्राव ही त्याची लक्षणे होत. स्वीडनमधील विमा नोंदींवर आधारित अभ्यासांत, निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांपैकी सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश माद्यांना वयाच्या दहा वर्षांच्या आत हा विकार झाल्याचे आढळले. शस्त्रक्रिया मग टळत नाहीच. फक्त ती निरोगी तरुण शरीराऐवजी विषबाधा झालेल्या वृद्ध शरीरावर करावी लागते.

स्तनग्रंथींच्या गाठींबाबत १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही उद्धृत केला जातो. निर्बीजीकरण न झालेल्या मादीच्या तुलनेत पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या मादीत हा धोका ०.५ टक्के, पहिल्या माजानंतर ८ टक्के आणि दुसऱ्या माजानंतर २६ टक्के उरतो, असा त्याचा निष्कर्ष होता. तथापि २०१२ मधील एका पद्धतशीर आढाव्याने या विषयावरील उपलब्ध पुरावा दुबळा असल्याचे नमूद केले. म्हणून हे आकडे दिशादर्शक मानावेत, अंतिम नव्हे. नराच्या बाबतीत वृषणाच्या गाठी टळतात, प्रौढ वयातील पुरःस्थ ग्रंथीची संप्रेरकजन्य वाढ रोखली जाते आणि माजावरील मादीच्या वासाने भिंत ओलांडून पळून जाण्याची, पर्यायाने वाहनाखाली सापडण्याची शक्यता घटते.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. निर्बीजीकरणानंतर शरीराची ऊर्जेची गरज साधारणतः २० ते ३० टक्क्यांनी कमी होते, भूक मात्र वाढते. परिणामी स्थूलता येते. काही माद्यांत, विशेषतः मोठ्या जातींत, पुढे झोपेत लघवी झिरपण्याचा त्रास उद्भवतो. मोठ्या जातींत फार लवकर शस्त्रक्रिया केल्यास सांध्यांचे विकार वाढू शकतात. भीतीपोटी चावणारा कुत्रा या शस्त्रक्रियेने सुधारतो असेही नाही. त्यासाठी प्रशिक्षणच हवे.

५. योग्य वय आणि योग्य वेळ

‘सहा महिने पूर्ण झाले की शस्त्रक्रिया’ हा सरधोपट नियम आता मागे पडला आहे. याचे कारण हाडांच्या वाढीत आहे. लांब हाडांच्या टोकांशी असणाऱ्या वाढचकत्या लैंगिक संप्रेरकांच्या प्रभावाने बंद होतात. ती संप्रेरके लवकर नाहीशी झाली की हाडे अपेक्षेपेक्षा अधिक काळ वाढत राहतात आणि सांध्यांची ठेवण बदलू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हर जातीवर केलेल्या अभ्यासात, एक वर्षाच्या आत निर्बीजीकरण झालेल्या नरांमध्ये नितंबसांध्याच्या विकाराचे प्रमाण इतर नरांच्या सुमारे दुप्पट आढळले. याच गटाने २०२० साली ३५ जातींचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लहान जातींमध्ये असा धोका बहुतांशी दिसला नाही. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेचा रोखही जात, आकार, लिंग आणि राहणीमान पाहून प्रत्येक प्राण्याचा स्वतंत्र विचार करण्याकडे आहे.

व्यवहारात असे म्हणता येईल की पूर्ण वाढीनंतर २० किलोपेक्षा कमी भरणाऱ्या कुत्र्यासाठी सहा महिन्यांच्या आसपासचे वय सामान्यतः योग्य असते. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांसारख्या मोठ्या जातींत वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारणतः वर्ष ते सव्वा वर्ष थांबण्याचा सल्ला दिला जातो. मात्र थांबण्याच्या काळात अनियोजित संकर होणार नाही याची हमी पालकाने दिली पाहिजे. ज्या घराचे फाटक दिवसभर उघडे असते, त्या घराने हा सल्ला वेगळ्या पद्धतीने विचारात घ्यावा.

मादीच्या बाबतीत माजाची नोंद अत्यावश्यक आहे. बहुतेक माद्या साधारणतः सहा ते सात महिन्यांच्या अंतराने माजावर येतात आणि माज सुमारे तीन आठवडे टिकतो. या काळात गर्भाशयाकडील रक्तपुरवठा वाढलेला असल्याने रक्तस्रावाचा धोका अधिक असतो. म्हणून माज संपल्यानंतर दोन ते तीन महिन्यांनी शस्त्रक्रिया करणे इष्ट समजले जाते. कॅलेंडरवर माजाच्या पहिल्या दिवसाची नोंद करण्याची साधी सवय येथे मोलाची ठरते. मादीचा संकर झाल्याची शंका असल्यास तीही संकोच न करता सांगावी.

ऋतुमानाचा विचार आपल्याकडे विशेषत्वाने करावा लागतो. पावसाळ्यात माश्यांचा उपद्रव वाढतो, जखम ओली राहते आणि तीत अळ्या पडण्याचा धोका असतो. अंगणात राहणाऱ्या कुत्र्याची शस्त्रक्रिया शक्य तो या काळात टाळावी, अथवा टाके निघेपर्यंत त्याला घरात घ्यावे. दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत किंवा विसर्जन मिरवणुकीच्या आठवड्यात घाबरलेला कुत्रा उड्या मारतो, टाके ओढले जातात. घरात लग्नकार्य असताना, पाहुण्यांच्या वर्दळीत त्याची देखभाल होत नाही. पुढील पंधरा दिवस घरात किमान एक जबाबदार व्यक्ती उपलब्ध असेल अशीच तारीख निवडावी.

६. शस्त्रक्रियापूर्व तपासणी : गोचीड तापाचा प्रश्न

महाराष्ट्रातील श्वानपालकाने सर्वाधिक लक्ष द्यावा असा मुद्दा हा आहे. तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून ‘एर्लिकिया’ हा जीवाणू कुत्र्याच्या रक्तात शिरतो आणि रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, कमी होतात. या रोगाची एक अवस्था अशी असते की कुत्रा खातो-पितो, खेळतो, बाह्यतः निरोगी दिसतो. रक्तबिंबिका मात्र घटलेल्या असतात. अशा मादीचे पोट उघडल्यास रक्तस्राव आवरणे कठीण होते. ‘कुत्रा ठणठणीत आहे, मग तपासणीचा खर्च कशाला?’ हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे.

लेखिकेच्या सध्याच्या घरातील मादीबाबत हाच अनुभव आला. दत्तक आणलेली दीड वर्षाची ही मादी चपळ व तुकतुकीत होती. शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, रजेचा अर्जही दिला होता. पशुवैद्यकांनी आग्रहाने सांगितलेली रक्ततपासणी त्या वेळी लेखिकेला औपचारिकता वाटली होती. अहवालात रक्तबिंबिका सामान्य मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी निघाल्या आणि पुढील चाचणीत गोचीड तापाचे निदान झाले. चार आठवडे औषधोपचार, पुन्हा तपासणी आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम ठरला. शस्त्रक्रिया दोन महिन्यांनी लांबली आणि निर्विघ्न पार पडली.

किमान तपासण्या पुढीलप्रमाणे सांगता येतील : रक्तबिंबिकांसह संपूर्ण रक्तगणना, यकृत व मूत्रपिंड यांच्या कार्याच्या चाचण्या, कारण भुलीच्या औषधांचा निचरा मुख्यत्वे यांच्यामार्फत होतो, आणि हृदय व फुप्फुसांची स्टेथोस्कोपद्वारे तपासणी. वयस्क कुत्र्यासाठी हृदयालेख वा सोनोग्राफी लागू शकते. नरामध्ये दोन्ही वृषण खाली उतरले आहेत का, हे पाहिले जाते. न उतरलेला वृषण पोटात राहिल्यास त्यात पुढे गाठ होण्याचा धोका अधिक असतो आणि त्याची शस्त्रक्रियाही मोठी असते.

जातीनुसार घ्यावयाची दक्षताही येथेच नोंदविणे उचित ठरेल. हच कंपनीच्या २००३ मधील जाहिरातींनंतर भारतात लोकप्रिय झालेला पग, तसेच बुलडॉग या चपट्या नाकाच्या जातींचा श्वसनमार्ग मुळातच अरुंद असतो. भुलीतून बाहेर येताना त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवावे लागते. दख्खनच्या पठारावरील कारवानी अथवा मुधोळ हाउंड या सडपातळ शिकारी कुळातील कुत्र्यांच्या अंगात चरबी अत्यल्प असते. अशा कुळांतील कुत्रे भुलीच्या काही औषधांतून उशिरा शुद्धीवर येतात आणि त्यांचे शरीर लवकर गार पडते. कुत्रा कोणत्या जातीचा वा संकराचा आहे हे म्हणूनच सांगितले पाहिजे.

७. पूर्वतयारीचे टप्पे

(अ) चार ते सहा आठवडे आधी : रेबीज आणि इतर लसी अपूर्ण असल्यास त्या पूर्ण कराव्यात, लस व शस्त्रक्रिया यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर असावे. जंतनिर्मूलन व गोचीड-पिसवांचा बंदोबस्त करावा. रक्ततपासणी याच टप्प्यावर करावी, म्हणजे दोष आढळल्यास उपचारास अवधी मिळतो. कुत्रा स्थूल असल्यास वजन कमी करण्यास आरंभ करावा. चरबीमुळे मादीची शस्त्रक्रिया अवघड होते.

(आ) रुग्णालयाची निवड : भूल कोणती देणार, भुलीच्या काळात हृदयगती, श्वसन व तापमान यांवर कोण लक्ष ठेवणार, शिरेतून सलाइनची सोय आहे का, वेदनाशामक किती दिवस देणार, रात्री अडचण आल्यास कोणाशी संपर्क साधावा, हे प्रश्न विचारण्यात अनुचित काहीच नाही. तपासणी, औषधे व टाके काढणे धरून एकूण खर्चाचा अंदाज आधीच घ्यावा. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न चिकित्सालये हाही एक पर्याय आहे. यांपैकी मुंबईचे महाविद्यालय १८८६ पासून कार्यरत आहे.

(इ) एक आठवडा आधी : गळ्यात घालावयाचा शंकूच्या आकाराचा पट्टा आणून तो रोज थोडा वेळ घालण्याची सवय करावी. शस्त्रक्रियेनंतर प्रथमच तो घातल्यास वेदनेत असलेला कुत्रा अधिक बिथरतो. दोरीने बांधून अंगणात शौचास नेण्याची सवयही याच काळात लावावी. कुत्र्याला चालू असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक वा घरगुती असली तरी, कागदावर लिहून पशुवैद्यकांना द्यावीत. पूर्वी कधी आकडी, धाप वा औषधाची प्रतिक्रिया आली असल्यास तीही नोंदवावी.

(ई) एक-दोन दिवस आधी : आंघोळ घालून अंग पूर्ण कोरडे करावे, कारण नंतर दहा ते चौदा दिवस आंघोळ वर्ज्य असते. अचूक वजन करून घ्यावे. भुलीच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. उलटी, जुलाब, खोकला, ताप वा मरगळ दिसल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यास संकोच करू नये.

(उ) आदली रात्र आणि त्या दिवशीची सकाळ : भुलीमध्ये गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया थांबते. पोटात अन्न असल्यास ते उलटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. यासाठी उपवास आवश्यक असतो. पूर्वी सरसकट बारा तासांचा उपवास सांगितला जाई. अमेरिकन पशुरुग्णालय संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत निरोगी प्रौढ कुत्र्यासाठी चार ते सहा तासांचा उपवास पुरेसा मानला असून पाणी बंद करण्याची आवश्यकता सांगितलेली नाही. लहान पिल्लांना दीर्घ उपवासाने रक्तशर्करा घटण्याचा धोका असतो. आपल्या पशुवैद्यकांनी सांगितलेली वेळ काटेकोरपणे पाळावी. घरातील प्रत्येकाला, विशेषतः आजी-आजोबांना व मुलांना, ही वेळ सांगून ठेवावी. ‘बिचारा उपाशी आहे’ म्हणून मायेने दिलेला पोळीचा तुकडा जिवावर बेतू शकतो. तसा तुकडा दिला गेलाच, तर तो लपवू नये. एक दिवस वाया जाईल, एवढेच.

८. घराची तयारी आणि शुश्रूषा

शस्त्रक्रियेनंतरची तयारीही आधीच करावयाची असते. गार फरशीवर सतरंजी वा जुनी चादर अंथरून, उजेड व वर्दळ कमी असलेली जागा ठरवावी. जिना, पलंग व सोफा यांवर उडी मारता येणार नाही अशी व्यवस्था असावी. घरात दुसरा कुत्रा असल्यास काही दिवस दोघांना वेगळे ठेवावे. भुलीतून पूर्ण बाहेर आल्यावर प्रथम थोडे पाणी, नंतर अल्प प्रमाणात हलके अन्न द्यावे. दहा ते चौदा दिवस धावणे, उड्या व जखम चाटणे यांना प्रतिबंध करावा. टाके रोज दोनदा पाहावेत; जखमेवर हळद, तेल वा राख लावू नये.

मानवी वेदनाशामके कदापि देऊ नयेत. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या आपल्या कपाटातील गोळ्या कुत्र्याच्या जठरास व मूत्रपिंडास घातक ठरतात. हिरड्या पांढुरक्या पडणे, जखमेतून रक्त ठिबकणे, पोट फुगणे, वारंवार उलट्या, चोवीस तासांनंतरही ग्लानी किंवा अन्नत्याग ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. नराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे शुक्रजंतू शिल्लक राहू शकतात. त्यामुळे त्याला किमान महिनाभर माजावरील मादीपासून दूर ठेवावे. जखम भरल्यानंतर आहाराचे प्रमाण पशुवैद्यकांच्या सल्ल्याने कमी करावे व दरमहा वजन नोंदवावे.

९. काही आक्षेपांचा विचार

‘मादीला एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ हा समज सर्वत्र आढळतो. त्याला वैद्यकीय आधार नाही. मातृत्वाविषयीच्या मानवी भावना आपण येथे प्राण्यावर आरोपित करतो. मादीचे वर्तन संप्रेरकांनी नियंत्रित असते. ती संप्रेरके नसताना तिला अपत्यांची उणीव भासते असे मानण्यास पुरावा नाही. ‘कुत्रा राखण करीत नाही’ हा दुसरा समज. राखण ही जात, संगोपन आणि सवय यांतून येते. ती या शस्त्रक्रियेने जात नाही.

‘निसर्गाच्या कामात आपण ढवळाढवळ का करावी?’ हा तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे व त्याची टिंगल करणे योग्य नव्हे. त्याला असे उत्तर देता येईल की ज्या प्राण्याचे अन्न, निवारा, साखळी आणि फिरण्याची वेळ आपण ठरवितो, त्याचे जीवन निसर्गाच्या अधीन राहिलेले नसते. आपण हस्तक्षेप आधीच केलेला आहे. प्रश्न त्याची जबाबदारी घेण्याचा आहे. एखाद्या पालकाने सर्व बाजू पाहून, संकर होणार नाही अशी दक्षता घेऊन, शस्त्रक्रिया न करण्याचे ठरविले तर तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरेल. मात्र त्याने मादीच्या प्रत्येक माजानंतरच्या दोन महिन्यांत तिच्या तहानेकडे व भुकेकडे लक्ष ठेवले पाहिजे.

१०. निष्कर्ष

१. निर्बीजीकरण ही उपयुक्त परंतु मोठी शस्त्रक्रिया आहे. लाभ आणि मर्यादा या दोहोंचा विचार करून तिचा निर्णय घ्यावा.
२. सर्वांना लागू पडेल असे एकच वय नाही. जात, आकार, लिंग आणि घरची परिस्थिती पाहून ते ठरवावे.
३. गोचीड तापाचा प्रादुर्भाव असलेल्या आपल्या प्रदेशात रक्तबिंबिकांची तपासणी केल्याविना शस्त्रक्रिया करू नये.
४. माजाची नोंद, अचूक वजन, उपवासाची वेळ आणि पूर्वेतिहासाची खरी माहिती या चार गोष्टी केवळ पालकच देऊ शकतो.
५. अनियोजित पिल्लांना प्रतिबंध करणे ही भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नातील नागरिकांच्या हाती असलेली सर्वांत प्रत्यक्ष कृती आहे.

समारोप

मानवी रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्रावर स्वतः स्वाक्षरी करतो, काल रात्री काय खाल्ले ते सांगतो, कुठे दुखते ते दाखवितो. कुत्र्याच्या वतीने हे सर्व पालकाने करावयाचे असते. त्याची संमती आपणच देतो आणि त्याचा पूर्वेतिहासही आपणच सांगतो. ही प्रातिनिधिक जबाबदारी ध्यानात घेतली, तर रक्ततपासणीचा खर्च अथवा पुढे ढकललेली तारीख जाचक वाटणार नाही. प्राणिशास्त्राच्या वर्गात प्रजननसंस्था शिकविताना लेखिका आता एक प्रश्न आवर्जून विचारते : तुमच्या घरची मादी शेवटची माजावर कधी आली होती? पहिल्या वर्षी या प्रश्नावर वर्गात हसू पसरले होते. अलीकडे काही विद्यार्थी तारीख सांगतात.